दंडाचा लिलाव

पुण्याहून लग्न होऊन डिचोलीला आले, त्याला आता बारा वर्षं होऊन गेली. आल्यावर चारेक महिन्यांतच पणजीतल्या एका मराठी दैनिकात भाषांतराचं काम मिळालं. सरकारी पत्रकं इंग्रजीतून यायची, ती रात्री आठच्या आत मराठीत करून द्यायची. 2014 च्या सुरुवातीची गोष्ट. गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडून दीड वर्ष होत आलं होतं आणि आधी काढून ठेवलेल्या मालाचा ई-लिलाव होणार होता, त्याचं पत्रक माझ्या टेबलावर आलं. त्यात शब्द होता ‘फाइन्स’. मला फाइन ठाऊक होता तो सिग्नल तोडल्यावर भरायचा. मी बिनदिक्कत लिहून टाकलं, अमुक लाख टन दंडाचा ई-लिलाव. ‘टन’ हा शब्द स्वतःच्या हाताने लिहितानाही मनात पाल चुकचुकली नाही, याची आजही लाज वाटते. मुद्रितशोधकाच्याही चुकचुकली नाही. तो बिचारा सांगलीचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे ओट्यावर पेपर वाचत बसले होते. बाबा तीस वर्षं एका खाणीच्या प्रयोगशाळेत होते. आधी त्यांचे खांदे हलायला लागले, मग कपातला चहा बशीत सांडला. बोलले काहीच नाहीत. उठून खिडकीपाशी गेले, गजावरून बोट फिरवलं आणि ते लाल झालेलं बोट माझ्या नाकासमोर धरलं.

“बाय, हो पळय तुजो दंड.”

खाणी बंद होत्या, तरी ती धूळ आमच्या घरातून गेलेली नव्हती. खिडकीच्या खाचेत, कौलांखालच्या वाशांवर, देवघरातल्या तसबिरींच्या मागे ती होतीच. माझ्या पांढऱ्या पुणेरी ओढण्या पहिल्याच वर्षी फिकट गेरूच्या रंगाच्या झाल्या होत्या. त्या धुळीला नाव आहे आणि ते नाव इंग्रजीतला सगळ्यात सोज्वळ, सगळ्यात निरुपद्रवी शब्द आहे, हे मला त्या सकाळी कळलं.

बाबांनी पेपरच्या कोऱ्या कडेवर चाळण काढून दाखवली. खाणीतून निघालेला माल चाळणीवर टाकतात. दहा मिलिमीटरच्या भोकांतून खाली पडतो तो चुरा म्हणजे फाइन्स, वर राहतो तो लम्प. लम्प थेट भट्टीत जातो. चुरा तसाच टाकला तर भट्टीतल्या हवेची वाट बुजते, म्हणून तो आधी भाजून त्याची ढेकळं करून घ्यावी लागतात. गोव्याचा माल बहुतांशी चुराच, वर लोहाचं प्रमाण कमी. आपल्याकडच्या पोलाद कारखान्यांना त्याचं फारसं अप्रूप नव्हतं. म्हणून बार्जेस भरभरून मांडवीतून आणि जुवारीतून मुरगाव बंदराकडे जायच्या, तिथून आधी जपानला आणि पुढे चीनला. बाबा हे सगळं माझ्याशी मराठीत बोलत होते. त्यांची मराठी पुस्तकातून आणि देवळातल्या कीर्तनांतून आलेली, त्यामुळे ते ‘वर्तमानपत्र’ म्हणतात, ‘तद्नंतर’ म्हणतात, आणि राग किंवा हसू आलं की एकदम कोंकणीत घसरतात. त्या दिवशी सारखे घसरत होते.

चूक सुधारून छापली. विषय तिथे संपायला हवा होता. पण माझा स्वभाव खरूज खाजवण्याचा आहे. उत्तम मालाला फाइन म्हणायचं, चुऱ्यालाही फाइनच म्हणायचं, आणि पोलिसाला दिलेल्या पैशालाही? एवढ्या श्रीमंत भाषेला शब्दांची अशी काय टंचाई पडली होती?

कोश उघडल्यावर कळलं की ही सगळी एकाच घरातली भावंडं. मूळपुरुष लॅटिनमधला ‘फीनिस’. त्याचा अर्थ शेवट, आणि त्याहीआधी सीमा, शेताची हद्द. फिनिश, फायनल, इन्फिनिटी हे तर त्याचे चेहऱ्यावरूनच ओळखू येणारे वंशज. डिफाइन म्हणजे शब्दाला कुंपण घालणं. मला सगळ्यात आवडला तो ‘अफिनिटी’. त्यातला लॅटिन शब्द म्हणजे ज्याची हद्द आपल्या हद्दीला लागून आहे तो, आणि त्यावरूनच लग्नाने जोडला गेलेला, म्हणजे सोयरा. हे वाचलं तेव्हा मी सासरच्या घरात, सासूबाईंच्या शेजारी, नारळ खवत बसले होते.

दंड कुठून आला ते त्याहून रंजक आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये भांडण मिटवायला, प्रकरणाचा शेवट करायला जी रक्कम द्यायची तिला फाइन म्हणू लागले. माणूस तुरुंगात असायचा आणि राजाशी ‘शेवट करून’ सुटायचा. शिक्षेचा भाव त्यात नंतर मुरला. आधी ती तडजोडच होती. आपल्याकडे ‘फारखती’ होती ना, हिशेब मिटला, आता एकमेकांचं देणंघेणं नाही असा कागद, जो पुढे ‘फारकत’ होऊन नवराबायकोच्या मध्ये येऊन बसला, त्याच जातीचा शब्द. जमिनीचे व्यवहार पक्के करायलासुद्धा तिकडे फाइन वापरायचे. विकणारा आणि घेणारा संगनमताने कोर्टात लुटुपुटीचा दावा लावायचे आणि मग तडजोड करायचे, म्हणजे आपोआप कोर्टाच्या शिक्क्याचा दस्त तयार. एकाच चामड्यावर मजकूर तीनदा लिहायचा, दोन प्रती दोन पक्षांना आणि तळाची तिसरी सरकारकडे. तळाची म्हणून तिला ‘फूट’ म्हणजे पाय म्हणायचे. ही तिसरी प्रत ठेवायची पद्धत 1195 मध्ये सुरू झाली आणि फाइनचा हा सगळा प्रकार 1833 च्या कायद्याने बंद केला. सहाशे अडतीस वर्षं खोटे दावे लावून खरी खरेदीखतं करणाऱ्या लोकांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आता गंमत अशी की गोव्यात वाहतूक पोलीस जो दंड करतो त्याला कोणी दंडही म्हणत नाही आणि फाइनही फारसं म्हणत नाही. इथे ‘तालांव’ देतात. आमच्या मराठी पेपरातही ‘बेशिस्त चालकांना तालांव’ असंच छापतो. सुरुवातीला मला ते एखाद्या तळ्याचं नाव वाटायचं. शब्द पोर्तुगीज आहे, अर्थ पावतीची स्थळप्रत, पुस्तकात राहतो तो अर्धा तुकडा. आणि त्या पोर्तुगीज शब्दाचा दुसरा अर्थ आहे टाच. म्हणजे इंग्रजांच्या दंडाला पाय होता आणि पोर्तुगीजांच्या पावतीला टाच. हे मी ऑफिसात उत्साहाने सांगितलं, तेव्हा बाजूच्या टेबलावरचा क्रीडा प्रतिनिधी मान वर न करता म्हणाला, “आणि फाइन लेग?” फाइन लेगमधला फाइन म्हणजे यष्टींच्या रेषेला अगदी चिकटून, बारीक कोनात. पण दुपारी चार वाजता असं काही सुचणाऱ्या माणसाला व्युत्पत्ती सांगत बसू नये.

मग शेवट हा शब्द ‘उत्तम’ कसा झाला? इथे मला इंग्रजी कोशापेक्षा आपल्या शब्दांनी लवकर समजावलं. ‘पराकाष्ठा’ घ्या. काष्ठा म्हणजे सीमा. प्रयत्नांची पराकाष्ठा म्हणजे ज्याच्या पुढे जागाच नाही असा प्रयत्न. ‘वेदान्त’ म्हणजे वेदांचा शेवट आणि वेदांचं शिखरही. जे टोकाला गेलं ते पूर्ण झालं, आणि पूर्ण झालं ते उत्तम. पुढे उत्तमाचं बारीक कसं झालं हे बाबांच्या चाळणीत दिसतं. कारागिरी जितकी शेवटापर्यंत न्यावी तितकं सूत तलम होतं, पीठ मऊ होतं, सोन्यातलं हिणकस निघून जातं. सोनाराकडे दागिन्यावर 916 असा छाप असतो तो या फाइनपणाचाच, हजारात नऊशे सोळा भाग चोख सोनं. आपण त्याला ‘कस’ म्हणतो. तर उत्तम म्हणून चाळत गेले, चाळत गेले, आणि चाळणीखाली जे पडलं त्याला तेच नाव राहिलं, मग ते कोणाला हवं असो की नसो. डिचोलीच्या खिडकीतली धूळ ही त्या शब्दाची, म्हणायचं तर, पराकाष्ठा.

भाषांतर करणाऱ्याला मात्र या ज्ञानाचा उपयोग शून्य. त्याला एकेका फाइनसाठी वेगळा डबा उघडावा लागतो. कांदा फाइन चिरायचा तर बारीक. औषधी चूर्ण असेल तर वस्त्रगाळ, आणि हा शब्द उच्चारला की मला मलमलीच्या फडक्यातून सुंठ गाळणारी आजी दिसते. कोणत्याही इंग्रजी कोशात तिच्या तोडीचं काही नाही. साडीचं पोत फाइन असेल तर तलम, कशिदा फाइन असेल तर सुबक, दोन गोष्टींतला फरक फाइन असेल तर बारकावा. पावसाळ्यात चार दिवस झोडपून काढल्यावर ‘फाइन डे’ उजाडला तर ती उघडीप. इथे ऑगस्टात उघडीप पडली की सासूबाई उशा, गोधड्या, पापडांचे डबे, सगळं अंगणात मांडतात, आणि तासाभरात पुन्हा भुरभुर सुरू झाली की आम्ही दोघी धावतो. ती भुरभुरही इंग्रजीत फाइनच. एक पाऊस थांबल्यावर येतो तो फाइन आणि दुसरा खुद्द पाऊस.

दंडाचीही गंमत कमी नाही. मी ज्या शब्दाने फसले त्या आपल्या ‘दंड’ात काठी आहे, बाहू आहे, पहाटे काढायचे दंड आहेत. दंड थोपटणारा माणूस दंड भरायला निघालेला नसतो.

एवढं सगळं झालं, तरी ज्या अर्थाने हा शब्द सगळ्यात जास्त वापरला जातो त्याच्यासाठी मराठीत एकच शब्द येतो: हाउ आर यू, फाइन. कसं काय? बरं आहे. आणि या ‘बरं’वरून मी माझ्या सासरी पहिला महिना डोळ्यांत पाणी आणून काढला आहे.

लग्नानंतरच्या आठवड्यात मी पहिल्यांदा हुमण, म्हणजे माशांची आमटी, केलं. आयुष्यात बांगडा कधी हातात धरला नव्हता. यूट्यूब, सासूबाईंच्या सूचना आणि देवाचं नाव, या तिघांच्या भरवशावर नारळ वाटला, तिरफळं घातली, सोलं घातली. सगळे जेवायला बसले. सासूबाईंनी भात कालवला, एक घास घेतला आणि म्हणाल्या,

“हुमण बरें जालां गो.”

बरं झालंय. नुसतं बरं. पुण्यात आमच्याकडे भाजीला आई ‘बरी झालीय’ म्हणाली की त्याचा अर्थ गिळता येईल. छानच्या खाली चांगली, चांगलीच्या खाली ठीक, आणि ठीकच्या शेजारी बसलेली बरी. मी ताट उचललं, मोरीत गेले आणि नळ सोडून रडले. पुढच्या वेळी दुप्पट नारळ घातला. तेव्हाही ‘बरें जालां’. पाचव्या वेळी मी नवऱ्याला म्हटलं, तुझ्या आईला काही पसंत पडत नाही. तो खाली बसून हसला. कोंकणीत बरें म्हणजे चांगलं. उत्तम. त्याच्या वरची पायरी शोधायची गरज त्यांना पडत नाही. ‘देव बरें करूं’ हे इथलं धन्यवाद आहे. देव तुमचं ठीकठाक करो असं कोणी कोणाला कशाला म्हणेल?

‘बरा’ हा संस्कृत ‘वर’वरून आला असं मानतात. वर म्हणजे श्रेष्ठ, निवडून घेतलेला. नवऱ्यातही तोच वर आहे. त्याची घसरण किती झाली याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. पण शब्दाची झाली ती दिसतेच. मराठीत तो शिखरावरून उतरत उतरत मध्यावर येऊन टेकला. इंग्रजीतला फाइन त्याच वाटेने आला, एकेकाळी पराकोटीचा आणि आता ‘चाललंय’ इतकाच. कोंकणीतला बरो मात्र वरच राहिला, वाऱ्यावर आंगलं वाळत घालून. घाट उतरून आलेल्या बाईला हे कळायला पाच हुमणं लागली. इथे भाषांवरून पूर्वी पुष्कळ रक्त आटलंय, 1987 च्या राजभाषा कायद्याने कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीला सरकारी वापराची मुभा राहिली, त्यावर अजूनही वाद होतात. त्या वादात मी पडत नाही. मला एवढंच माहीत आहे की दोन भाषांना लागून एकच हद्द असली की त्याच शब्दाला कुंपणाच्या अलीकडे एक भाव मिळतो आणि पलीकडे दुसरा.

अलीकडे या शब्दाने मला आणखी एक वळसा दिला. मुलगी म्हापशाला व्हायोलिन शिकायला जाते. शिकवणारे सर सत्तरीच्या पुढचे आहेत. लहानपणी चर्चच्या पाठशाळेत स्वरलेखन वाचायला शिकले. पोर्तुगीज काळात अशा पाठशाळांनी गोव्याच्या गावागावांत संगीत वाचणारी मुलं तयार केली आणि त्यांतले कित्येक पुढे मुंबईच्या सिनेमांच्या वाद्यवृंदांत वाजवायला गेले. एकदा लेकीला घ्यायला लवकर पोचले, तर ती एक तुकडा वाजवत होती. कागदाच्या मधोमध ती थांबली.

“पुढे?” सर म्हणाले.

“सर, इथे फाइन लिहिलंय.”

“फाइन नाही गं बाय. फीने.”

इटालियन शब्द. अर्थ शेवट. पण तो कागदाच्या शेवटी नसतो. आधी तो ओलांडून खालपर्यंत वाजवायचं, तळाला लिहिलेलं असतं ‘दा कापो अल फीने’, म्हणजे डोक्यापासून पुन्हा सुरू करा आणि फीने येईल तिथे थांबा. पहिल्या खेपेला ज्या जागेवरून आपण बेफिकीर पुढे गेलो तीच जागा दुसऱ्या खेपेला शेवट ठरते. लेक ‘पण सर, मग पहिल्यांदा का नाही थांबायचं?’ म्हणून वाद घालत होती. सरांनी धनुकलीला राळ लावता लावता उत्तर दिलं, “तेव्हा तुला कुठे माहीत असतं?” मी दारात उभी राहून ऐकत होते. भाषांतराला चौदावा अर्थ मिळाल्याचा आनंद, दुसरं काही नाही.

एक फाइन मात्र मला अजून मराठीत आणता आलेला नाही. खाणी थांबल्या तेव्हा भाऊजींचे दोन ट्रक होते, दोन्ही कर्जावर. गावातल्या बहुतेकांचं असंच होतं. अंगणात आंब्याखाली ट्रक उभे आणि चाकांभोवती गवत. भाऊजी रोज सकाळी ट्रक सुरू करून पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायचे, बॅटरी उतरू नये म्हणून, आणि बंद करायचे. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्टे रद्द केले त्या आठवड्यात त्यांनी दुसराही ट्रक विकला. बाजारात, देवळात, बसथांब्यावर त्यांना कोणी विचारलं, कशें आसा रे, की ते म्हणायचे ‘फाइन, फाइन’. दोनदा. ‘बरें आसा’ म्हणत नसत. कोंकणीत खोटं बोलायला जीभ वळत नसावी, किंवा परक्या भाषेत दार लोटून घेणं सोपं जात असावं. बाबा एकदा त्यांच्या माघारी म्हणाले, “ताचे फाइन्स सोंपले, ताका फाइन म्हणपाची संवय उरली.” कोणी हसलं नाही. बाबाही नाही.

इंग्रजीत भांडणाच्या शेवटी ‘फाइन!’ म्हणून खोलीबाहेर जायची पद्धत आहे. आपलं ‘बरं!’ तसंच. ‘बरं बाई, तुझंच खरं.’ आणि फोनवरसुद्धा, बोलणं आटोपलं की आपण काय म्हणतो? ‘बरं, ठेवते.’ लॅटिनमधल्या त्या शेताच्या हद्दीशी काही नातं नसताना आमचा शब्द नेमका तिथेच कसा जाऊन उभा राहिला, याचं मला कुतूहल आहे.

गेल्या रविवारी आईचा पुण्याहून फोन आला. मी गॅसपाशी होते, फोन खांद्यात धरलेला.

“कशी आहेस?”

“बरी आहे.”

पलीकडे शांतता. मग आवाज बदलला. “का गं? काय होतंय? ताप आहे का?”

“अगं नाही. बरी आहे म्हणजे बरी आहे.”

“नुसती बरी? जावईबापू काही बोलले का? सासूबाई?”

“आई, इथे बरी म्हणजे छान!”

“इथे म्हणजे कुठे? मी पुण्यात आहे.”

मागे सासूबाई हुमणाची चव घेत होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी मान डोलावली, ओठांनीच म्हणाल्या, बरें.

“आई, फाइन आहे गं मी. अगदी फाइन.”

“हां, मग तसं सांग ना,” आई म्हणाली. “बरं, ठेवते.”